मे महिन्यातला ऑगस्ट

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवरच दम भरलाय, "अनुभव लिहा, पत्रक नको." पण मला लिहायला शिकवलं ते पत्रकांनीच, त्याला माझा इलाज नाही. पत्रकातलं वाक्य आखूड असतं, कारण वाचणारा पवनानगरच्या थांब्यावर उभा असतो आणि त्याची जीप भरत आलेली असते. तुम्ही बसून वाचताय, हाताशी चकली आहे, असं धरून चालते आणि वाक्यं जरा सैल सोडते.

तर माझा धंदा. काही वर्षं मी गवताची तहान मोजली. पदविका स्थापत्यातली, नोकरी तळेगाव दाभाड्यातल्या एका छोट्या सल्लागार कचेरीत. लोणावळा, औंढे, पवना धरणाचा काठ या पट्ट्यात कुणी बंगले, रिसॉर्ट किंवा 'फार्म' काढलं, की तिथल्या हिरवळीला, झाडांना, कुंपणाच्या मेंदीला पाणी किती लागेल आणि ते कुठून आणायचं, याचा अंदाज आम्ही काढून द्यायचो. ज्या फार्मवर मेथीची जुडीसुद्धा पिकत नाही त्याला फार्म का म्हणतात, हे मी एकदा सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "बिलावर तसंच लिहायचं." आई पाहुण्यांना सांगायची, "पोरगी पाटबंधाऱ्यात आहे." पाटही नव्हता, बंधाराही नव्हता. पोरगी शोभेच्या पाण्यात होती.

गणित अवघड नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीच्या अंगातून रोज पाच-सहा मिलिमीटर उडून जातं. तेवढं परत दिलं नाही तर ती पिवळी पडते आणि मालकाचा फोन येतो. फवाऱ्यातून सोडलेलं सगळं मुळाशी पोचत नाही. काही रस्त्यावर पडतं, काही वारा नेतो, आणि पवनेच्या काठी तर नावातच पवन. म्हणून वर आणखी धरायचं. एकरभर हिरवळ कडक उन्हाळ्यात दिवसाला तीस हजार लिटरच्या आसपास पिते. मोठे तीन टँकर. रोज. गवत रविवार पाळत नाही, एकादशी तर नाहीच नाही.

धंद्याचा एक नियम मात्र पक्का. अंदाज सरासरीवर काढायचा नाही, वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसावर काढायचा. त्या दिवशी टाकी पुरली तर बाकीचे दिवस आपोआप पुरतात. हा नियम मला सरांनी शिकवला. सर माणूस हुशार, फक्त हुशारी कुठे वापरायची याचा निर्णय ते गिऱ्हाइकावर सोपवायचे.

गिऱ्हाईक जागा बघायला येतं ते ऑगस्टात. धुकं, धबधबे, कांदाभजी, डोंगराच्या अंगावर इंच न् इंच हिरवं. तिथेच तो फोटो काढतो आणि तिथेच इसार देतो. मग मे महिन्यात सहकुटुंब येतो, गाडीतून उतरतो, काळा गॉगल काढतो, पिवळ्या डोंगराकडे बघतो आणि विचारतो, "हिरवं कुठे गेलं?" जणू वॉचमननं ते मधल्या काळात विकून खाल्लं. त्याला मे महिन्यातला ऑगस्ट हवा असतो. तो ऑगस्ट किती लिटरला पडतो, एवढंच सांगण्याचा मला पगार होता.

"एवढा पाऊस पडतो तुमच्याकडे आणि पाणी नाही कसं?" हा प्रश्न मला प्रत्येक गिऱ्हाइकानं विचारला, आणि प्रत्येकानं असा, की जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. पडतो, पण काळ्या कातळावर पडतो आणि उतारानं पळून जातो, एवढं उत्तर मी तोंडपाठ केलं होतं. लोणावळ्यातल्या एका निवृत्त गृहस्थांना 'अगदी नैसर्गिक, इथल्या मातीतली' हिरवळ हवी होती. एप्रिल होता. मी त्यांना त्यांच्याच कुंपणापलीकडचा उतार दाखवला. म्हटलं, "काका, ही नैसर्गिक." वाळलेलं कुसळी गवत वाऱ्यावर चांगलं डोलत होतं. काका म्हणाले, "ही नाही. हिरवी नैसर्गिक."

मग आला तो प्रकल्प. नाव सांगत नाही. नावात 'वन' होतं आणि वन तोडूनच बांधला होता, एवढी ओळख पुरे. पवनानगरच्या वरच्या अंगाला, उतारावर, शनिवार-रविवारच्या मुक्कामाचे बंगले. मध्ये पसरलेली हिरवळ, कडेनं ताडाची झाडं. विंधनविहिरीला पाणी बेताचं. पण वास्तुविशारदाच्या आराखड्यात सगळ्या हिरवळीवर निळ्या अक्षरांत एकच शब्द लिहिलेला, 'पुनर्वापर'. म्हणजे घरांतलं संडास-न्हाणीचं पाणी एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत जाणार आणि तिथून शुद्ध होऊन हिरवळीला मिळणार. ऐकायला इतकं पवित्र, की हात जोडावेसे वाटतात.

मी गणित मांडलं आणि सरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"सर, हे पाणी एसटीपीत येणार कुठून?"

"घरांतून. सगळी घरं भरलेली धरली आहेत."

"ही शनिवार-रविवारची घरं आहेत सर. सोमवारी तिथे वॉचमन, त्याची बायको आणि एक कुत्रं. हिरवळीला पाणी हवं रोज. मग मंगळवारी फ्लश ओढणार कोण?"

"नियमाप्रमाणे वस्ती पूर्ण धरायची असते."

"गवत नियम वाचतं का सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "तुला सांगू का? असले प्रश्न पत्रकात शोभतात. तू पत्रकंच लिही."

सल्लागाराचा सल्ला फुकट मिळाला तर घ्यावा. मी नोकरी सोडली आणि पाण्यासाठी भांडणाऱ्या गावांची पत्रकंच लिहायला लागले. तळेगावात घरी वेगळी सभा झाली, तिचा वृत्तांत इथे देत नाही.

प्रकल्प बांधून झाला. पुढचं मला हौसामावशींकडून कळत गेलं. मावशी तिथल्या खालच्या वाडीतल्या. वाडी चाळीसेक घरांची, ठाकर आदिवासींची. थोडी भातशेती, बाकी मजुरी. मावशी त्याच हिरवळीत खुरपणीला जायच्या. माझी त्यांची ओळख मी मोजमापाला गेले होते तेव्हाची; गिऱ्हाइकांना दाखवायला हिरवळीचा एक तुकडा तेव्हाच लावून झाला होता. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "पोरी, ह्ये गवात खातं कोन?"

"कोणी नाही मावशी. शोभेचं आहे."

"मंग वाढलं की?"

"कापतात."

"कापून गुरास्नी?"

"नाही. टाकून देतात."

"आन पुन्हा पानी घालत्यात? वाढावं म्हनून?"

"हो."

मावशी खुरपं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "शिकल्याली हाईस न्हवं तू?"

पहिल्या उन्हाळ्यातच पुनर्वापराचं पितळ उघडं पडलं. एसटीपीत घाण खाणारे जिवाणू असतात, तेच पाणी शुद्ध करतात. पण आठवड्यातले पाच दिवस बंगल्यांना कुलूप, म्हणजे जिवाणू उपाशी. त्यांना जगवायला मॅनेजरनं वाडीत शेण मागायला माणूस पाठवला. शेण आणि गूळ. हा इलाज खरोखर करतात, मी चेष्टा करत नाही. पण शेण घातलं तरी पाणी कुठून येणार? मग विंधनविहिरीचं स्वच्छ पाणी त्या यंत्रणेत सोडायचं, घाणीतून फिरवायचं, पुन्हा स्वच्छ करायचं आणि हिरवळीवर मारायचं. याला पुनर्वापर म्हणतात. फाटकावर तसा फलकही होता, पानाचं चित्र असलेला. होळी येईपर्यंत विंधनविहिरीनं हात टेकले आणि प्रकल्पाची नजर खाली उतरली.

खाली उतारावर जुना पाझर तलाव आहे. त्याचं पाणी जमिनीतून झिरपत वाडीच्या विहिरीत येतं. वाडीला दुसरं पाणी नाही. तलाव उपसला की विहीर बसलीच, हे सांगायला पदविका लागत नाही. पुढच्या थंडीत प्रकल्पानं ग्रामसभेपुढे ठराव ठेवला: उन्हाळ्यात तलावातलं 'फक्त जादा पाणी' उचलू द्यावं. बदल्यात वाडीला प्रवेशकमान बांधून मिळेल. वाडीत शिरायला रस्ता नाही, पण कमान मिळणार होती.

मावशींचा निरोप आला, "पोरी, ये. जादाचं पानी मागाया आल्यात. आमच्याकडं जादाचं कंदी झालं, त्येच कळंना."

मी पत्रक काढलं. "एक एकर शोभेचं गवत दिवसाला दोन हजार हंडे पितं. तुमच्या घरात किती येतात?" हंडा पंधरा लिटरचा धरला होता. पत्रकं शाळेच्या व्हरांड्यात वाटली. ग्रामसभा तिथेच भरली होती. समोर सरपंच, बाजूला प्रकल्पाचे जनसंपर्क अधिकारी. त्यांना मी इथे संपर्कसाहेब म्हणते. माणूस गोड, शर्टाला इस्त्री, प्रत्येकाला 'माउली'. पडद्यावर त्यांनी कमानीचं चित्र दाखवलं, मग हिरवळीचं, मग एका लहान मुलीचं, जिचा कशाशीच संबंध नव्हता.

मी बोलायला उठले तेव्हा ते हळूच म्हणाले, "या ताई इथल्या मतदार नाहीत."

सरपंच म्हणाले, "तुमी तरी कुटं हाय सायेब? बोला ताई."

मी एसटीपीचं गणित सांगितलं. किती माणसं राहिली तर किती सांडपाणी, त्यातून हिरवळीला किती. संपर्कसाहेबांनी हसत मान डोलावली. "अगदी बरोबर! म्हणूनच तलावाचं पाणी फक्त तात्पुरतं. एकदा पुनर्वापर पूर्ण क्षमतेनं सुरू झाला की..."

मागून मावशींचा आवाज आला. "पन सायेब, तितं परसाकडं जानार कोन?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"म्हंजी बगा," मावशी उभ्या राहिल्या, "तुमच्या गवताला पानी पायजे तर कुनीतरी परसाकडं जायाला पायजे. तुमी येताव शनवारी, जाताव आयतवारी. मंग मदल्या दिसांचं कोन करनार? आमी येऊ का वर, हजरीवर?"

पुढची काही मिनिटं सभा चालली नाही. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, पोरं एकमेकांना हजेरी वाटून देत होती, आणि एक आबा गंभीरपणे विचारत होते, की रोज काय पडेल. मला वाटलं, जिंकलो. पत्रक लिहिणाऱ्यांचा हाच दोष, टाळ्या पडल्या की ठराव पडला असं वाटतं.

संपर्कसाहेब हसणं ओसरेपर्यंत थांबले. मग इतक्या मऊ आवाजात बोलले, की मलाही ते पटलं असतं. "माउली, तुमचं पाणी आम्हाला नकोच. तुमची गरज पहिली. तुम्हीच सांगा, वाडीला रोज किती लागतं? तेवढं सोडून राहील ते जादा. यात तर अन्याय नाही ना?"

आणि वाडीनं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला सुरुवात केली.

"आमाला कुटं लय लागतंय," मघाचेच आबा म्हणाले. "घरटी धा हंडं बास."

"धा कशापायी? आमी आठात भागिवतो," पलीकडून एक बाई.

"आमच्या हितं सात. आन त्यात शेळ्या बी."

उलटा लिलाव सुरू झाला. वाडीत कमी लागणं हा मान असतो. जास्त मागणारा हावरा. चार लोकांत, परक्या माणसापुढे, आमच्या घराला पाणी जास्त लागतं असं कोण म्हणेल? जो तो आपला हंडा खाली आणत होता आणि संपर्कसाहेब आदरानं मान लववत प्रत्येक आकडा उतरवून घेत होते. कमी केलेला एकेक हंडा 'जादा' होऊन पाइपातून वर हिरवळीकडे निघाला होता. आमच्या गिऱ्हाइकांनी ताडाच्या एका झाडासाठी याहून जास्त पाणी भांडून घेतलं होतं.

मी मावशींच्या कानाशी लागले. "मावशी, जास्त सांगा!"

"खोटं बोलू? समद्यांम्होरं?"

"खोटं नाही. अंदाज काढताना थोडं वरचं धरायचं असतं. आमच्या धंद्यात..."

"तुजा धंदा तुज्यापाशी. मी न्हाई हावरी." आणि मोठ्यानं, "लिव्हा सायेब, माजं सात."

त्या क्षणी मला पत्रक सुचेना, घोषणा सुचेना. सुचला तो सरांचा नियम. मी पुन्हा उठले आणि विचारलं, "वाडीची जत्रा कधी असते?"

"चैतात," सरपंच म्हणाले. "का वं?"

"म्हणजे ऐन उन्हाळ्यात. त्या दिवशी कुणाच्या घरी किती पाहुणे येतात?"

आधी कुणाला कळेना, की जत्रेचा इथे काय संबंध. मग आबांनी छाती काढली. "माज्याकडं पिकअप भरून येत्यात."

"येकच पिकअप?" पलीकडची बाई. "आमच्या तीन लेकी, जावई, त्येंची पोरं, आन दिराचं समदं बिऱ्हाड."

"त्यांच्या आंघोळी, स्वयंपाक, धुणी? पाणी पुरतं का?" मी विचारलं.

"म्हंजी काय! पाव्हन्याला पानी कमी पडू देतो व्हय आमी?"

लिलाव सुलटा झाला. वीस हंडे. तीस. दोन जावई असलेल्यानं चाळीस सांगितले म्हणून चार जावई असलेला चिडला. संपर्कसाहेबांचं पेन थांबलं, पण सरपंचांनी त्यांना ढोसलं, "लिव्हा की सायेब." शेवटी मावशी उठल्या. "माजं पन्नास लिव्हा. न्हाई, साठ लिव्हा!"

"मावशी," संपर्कसाहेब कळवळले, "आत्ताच तुम्ही सात म्हणालात."

"त्ये माजं. ह्ये पाव्हन्याचं."

साहेब माझ्याकडे वळले. माउली संपल्या होत्या. "मॅडम, जत्रा वर्षातून एक दिवस! एका दिवसावर वर्षाची गरज कशी धरायची?"

"तुमच्या हिरवळीची गरज कोणत्या दिवसावर धरलीय साहेब? मे महिन्यातल्या सगळ्यात कडक दिवसावर. आराखड्यात बघा. ते गणित मीच केलंय."

त्यांनी आराखडा बघितला नाही. ठराव दुरुस्त होऊन मंजूर झाला: वाडीची गरज रोज जत्रेच्या दिवसाएवढी धरावी आणि ती भागून तलावात जे उरेल तेच जादा समजावं. चैत्रात त्या तलावात काय उरतं, ते तिथल्या चिखलात बसलेल्या म्हशींना विचारा. कमान अर्थातच आली नाही. वाडीत अजून तिच्याशिवाय शिरता येतं.

आता दिवाळी अंक आहे म्हणून इथे फराळाचं ताट पुढे करून थांबता आलं असतं. पण त्या प्रकल्पाची हिरवळ मेली नाही. निम्मी काढून तिथे प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. ते उन्हात इतकं तापतं, की गार करायला त्याच्यावर पाणी मारावं लागतं. ते किती लागेल, हे विचारायला सरांचा मला फोन आला होता. उरलेल्या निम्म्या हिरवळीला टँकर येतात. कुठून भरतात, म्हणून मी एकदा ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "लांबनं." म्हणजे आमची वाडी सुटली आणि लांबची कुठली तरी सापडली. मी तिथे अजून पोचलेले नाही. टँकरला इंजिन आहे, पत्रकाला नाही. याची बोच आहे, आणि ती मोजायचं एकक आमच्या पदविकेत नव्हतं.

त्या चैत्रात जत्रेला मी वाडीत होते. विहीर खोल गेली होती, पण होती. पोहरा टाकला की आधी बराच वेळ काही नाही, आणि मग पाण्याचा आवाज. वाडीबाहेर ओळीनं पिकअप, अंगणाअंगणात जावई, रडणारी पोरं, चुलीवर मोठाले टोप. सरपंचांनी रीत म्हणून संपर्कसाहेबांनाही आवतण दिलं होतं आणि कमाल म्हणजे ते आले. रस्ता नसल्यामुळे गाडी लांबच लावून उन्हातून चालत. इस्त्री पार विरघळलेली, हातातली बाटली रिकामी. मावशींनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि तांब्या पुढे केला.

साहेबांनी तांब्यात वाकून बघितलं. "कुठलं पाणी आहे, माउली?"

"हिरीचं."

ते थोडे घुटमळले, मग एका दमात तांब्या रिकामा केला आणि संकोचून तसाच हातात धरून बसले. मावशींनी तो काढून घेतला, घागरीतून पुन्हा काठोकाठ भरला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"घ्या की सायेब, लाजताव कशापायी? त्या साठ हंड्यांत तुमास्नी बी धरलंय."